लूत लागलेल्या कुत्र्याला बरं करताना

टाकून दिलेली, अंगावरचे केस गेलेली कुत्री मी घरी ठेवून बरी करते. असं कुत्रं आलं की पहिल्या दिवशी मी त्याला आंघोळ घालत नाही आणि अंगाला काही चोळतही नाही. आंघोळीत खवले, पिसवांची घाण सगळं धुऊन जातं आणि डॉक्टरांना बघायला फारसं काही उरत नाही. वेगळ्या खोलीत जुनी चादर घालून देते, खायला-प्यायला देते आणि स्किन स्क्रेपिंगसाठी, म्हणजे कातडी खरवडून तपासण्यासाठी, डॉक्टरांची वेळ ठरवते. कारण आपण ज्याला लूत म्हणतो ते दोन अगदी वेगळे रोग असतात आणि त्यांचे इलाज काही बाबतीत उलटे आहेत.

एक सारकोप्टिक. हा माइट, म्हणजे अगदी बारीक किडा, कातडीत बोगदे पाडून अंडी घालतो. कानाच्या कडा, कोपरं, मागच्या पायांचे घोटे, पोट अशा विरळ केसांच्या जागा आधी धरतो. खाज इतकी भयंकर असते की कुत्र्याला धड झोप लागत नाही. घरी करता येण्यासारखी एक तपासणी आहे. कानाच्या पाळीची कड दुमडून बोटांत हलकेच घासा. त्याच बाजूचा मागचा पाय खाजवल्यासारखा हवेत हलायला लागला, तर संशय पक्का धरा. पुरावा मात्र समजू नका.

दुसरा डेमोडेक्स. हा माइट केसांच्या मुळाशी राहतो आणि थोड्या संख्येने निरोगी कुत्र्यांच्या अंगावरही असतो. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत तो आईकडून पिल्लाला मिळतो. प्रतिकारशक्ती कमी पडली की त्याची संख्या वाढते. डोळ्यांभोवती, ओठांच्या कडेला, पुढच्या पायांवर टक्कल पडल्यासारखे चट्टे दिसतात, पण सुरुवातीला खाज जवळजवळ नसते. पुढे जंतुसंसर्ग झाला, पू धरला, की तीही सुरू होते.

स्क्रेपिंग होताना कुत्र्याचं डोकं मीच धरते. डॉक्टर ब्लेडवर तेलाचा थेंब घेतात, कातडी चिमटीत दाबतात, म्हणजे मुळातले माइट वर येतात, आणि रक्ताचे बारीक ठिपके दिसेपर्यंत खरवडतात. रक्त बघून घाबरू नका, तेवढं खोल जावंच लागतं. मायक्रोस्कोपखाली डेमोडेक्स सिगारसारखा लांबट दिसतो, आखूड पाय सगळे पुढच्या बाजूला. सारकोप्टिस गोलसर असतो आणि बऱ्याचदा सापडतच नाही. म्हणून रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी लक्षणं जुळत असतील, तर डॉक्टर त्याचा इलाज सुरू करून बघतात. ते बरोबरच आहे.

आता औषध. हल्ली दोन्ही प्रकारांवर आयसोक्साझोलिन गटातल्या गोळ्या देतात: फ्लुरालानर, अफॉक्सोलानर, सारोलानर, लोटिलानर. पिसवा-गोचिडींचाही त्यातच बंदोबस्त होतो. गोळी वजनावर ठरते, तेव्हा वजन काट्यावर करा, अंदाजाने नको. कुत्र्याला कधी फिट आली असेल तर आधी सांगा. या गटाच्या औषधांनी झटके येऊ शकतात, अशी सूचना अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१८ मध्ये दिली आहे.

आयव्हरमेक्टिन या किडे मारणाऱ्या औषधाबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. गुरांसाठीचं १ टक्क्याचं इंजेक्शन म्हणजे १ मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम औषध. १० किलोच्या कुत्र्याला १ मिलिलिटर टोचलं, तर किलोमागे १ मिलिग्रॅम होतं. कोलीसारख्या जातींत एमडीआर१ या, औषधाला मेंदूत जाण्यापासून अडवणाऱ्या, जनुकात दोष असतो आणि अशा कुत्र्यांना किलोमागे ०.१ मिलिग्रॅमच्या आसपासही विषबाधा होते: झोकांड्या, लाळ, आंधळेपणा, बेशुद्धी. संकर कुत्र्यातही तो दोष असू शकतो. म्हणून कुणाच्या सांगण्यावरून हे औषध घरी टोचू नका.

खाज थांबवणारं स्टिरॉइडचं इंजेक्शनही कुणी सहज देतं. डेमोडेक्स असेल तर त्याने प्रतिकारशक्ती आणखी खाली जाते आणि चार चट्टे अंगभर पसरतात. जळकं ऑइल, रॉकेल, फिनाईल यांनी कातडी भाजते, आणि कुत्रं चाटतं तेव्हा तेच पोटात जातं. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन या कीटकनाशकाची औषधं कुत्र्यालाही लावू नका, मांजराच्या जिवावर बेततं.

डॉक्टर बहुधा क्लोरहेक्सिडिनचा शाम्पू देतात. तो लावून १० मिनिटं ठेवायचा, मग धुवायचा. ही १० मिनिटं मी घड्याळ लावून मोजते, कारण लगेच धुतला तर उपयोग होत नाही. खपल्या ओढायच्या नाहीत, भिजून आपोआप सुटतात. पुसताना टॉवेल घासू नका, टिपा.

सारकोप्टिक असेल तर संपर्कातल्या सगळ्या कुत्र्यांना औषध द्यावं लागतं, ती खाजवत नसली तरी. अंथरूण, पट्टा गरम पाण्यात धुवा, माइट अंगाबाहेरही काही दिवस जगतो. आपल्याही हातांवर, कमरेवर खाजरं पुरळ उठू शकतं. तो माणसावर टिकत नाही, कुत्रं बरं झालं की जातं, पण हातमोजे घाला. डेमोडेक्समध्ये यातलं काही लागत नाही. त्या कुत्र्याला खुशाल जवळ घ्या, त्याला त्याची गरज असते.

पिसवा ओळखायला कुत्र्याखाली ओला पांढरा कागद धरून केस विंचरा. काळे कण पडले आणि लालसर विरघळले, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. अंडी, अळ्या, कोष घरात फटींत असतात आणि कोष महिनोन्महिने तग धरतो. त्यामुळे झाडलोट आणि औषध निदान तीन महिने चालू हवं. गोचीड चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढा, जाळू नका. नंतर ताप, खाणं बंद, फिक्या हिरड्या दिसल्या तर रक्त तपासा.

सारकोप्टिकमध्ये माइट मेले तरी खाज दोन-चार आठवडे राहू शकते, तेवढ्यावरून औषध बदलू नका. डेमोडेक्समध्ये लोक हमखास घाई करतात. मऊ नवे केस आले की गोळी बंद, आणि थोड्याच महिन्यांत चट्टे परत. महिन्याच्या अंतराने सलग दोन स्क्रेपिंग स्वच्छ येईपर्यंत औषध चालू ठेवायचं असतं. वर्षाच्या आतल्या पिल्लाला एक-दोनच चट्टे असतील, तर ते बहुधा औषधाशिवायही भरून येतात, नुसतं लक्ष ठेवा. मोठ्या वयात पहिल्यांदाच अंगभर डेमोडेक्स झाला, तर थायरॉइड आणि कुशिंग (अंगात कॉर्टिसोल हे हार्मोन जास्त होण्याचा आजार) यांची तपासणी करून घ्या. आणि अंगभर पसरलेला डेमोडेक्स होऊन गेलेल्या कुत्र्यापासून पिल्लं घेऊ नका, हा कल पुढच्या पिढीत जातो. बरं झालं की नसबंदी करून टाका.