मॉडेल रॉकेटसाठी छोटा जीपीएस ट्रॅकर कसा बसवावा

रॉकेट वर जाताना सगळ्यांना दिसतं. खरी पंचाईत उतरताना होते. ३०० मीटरवर पॅराशूट उघडलं आणि रॉकेट सेकंदाला ५ मीटर वेगाने उतरू लागलं, तर जमिनीला टेकायला एक मिनिट लागतं. तेवढ्यात ताशी १८ किलोमीटरचा साधा वारा त्याला ३०० मीटर लांब नेतो, म्हणजे कितीतरी बांध ओलांडून. पुढे मोकळं रान असलं तर ठीक, पण जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलकडे पुढे केळीची बाग असते आणि तिथे चार ओळींपलीकडचं काही दिसत नाही. म्हणून ट्रॅकर जोडताना एकच गोष्ट धरून चाला: रॉकेट टेकण्याआधीच्या शेवटच्या काही सेकंदांतला जागेचा आकडा आपल्या हाती आलाच पाहिजे.

सामान

सिमकार्डवर चालणारा गाडीचा ट्रॅकर यासाठी घेऊ नका. तो जड असतो, आकडा सावकाश पाठवतो आणि सातपुड्याच्या पायथ्याला रेंजचा भरवसा नाही. ईएसपी३२ (छोटा प्रोसेसर), लोरा रेडिओ (कमी विजेत लांबवर छोटे संदेश पाठवणारा) आणि जीपीएस एकाच पट्टीवर असलेला बोर्ड मिळतो, तो घ्या. एक रॉकेटसाठी आणि दुसरा, स्क्रीन असलेला, हातात धरायला. बोर्ड ८६८ मेगाहर्ट्झचाच मागवा. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवान्याशिवाय खुला आहे. ९१५ चे बोर्ड अमेरिकेतल्या पट्ट्यासाठी असतात, ते टाळा. प्रोग्राममध्ये ८६६ ठेवलं की झालं.

अँटेना लावल्याशिवाय बोर्डाला करंट देऊ नका, रेडिओ जळू शकतो. सोबतची अँटेना रॉकेटच्या नाकाच्या टोपीत, म्हणजे टोकाच्या निमुळत्या भागात, मावत नसेल तर साधी तार चालते. ८६६ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी साधारण ८.६ सेंटिमीटर येते. तेवढी तार सरळ ठेवा, गुंडाळू नका आणि बॅटरीला चिकटू देऊ नका.

बॅटरी

इथे घाई नको. ३.७ व्होल्टचा, ५०० मिलिअँपिअर-तासांचा एक लिथियम पॉलिमर सेल छोट्या रॉकेटला पुरतो. जीपीएस, प्रोसेसर आणि अधूनमधून बोलणारा रेडिओ मिळून सरासरी १०० मिलिअँपिअरच्या आसपास घेतात, म्हणजे हिशेबाने चार-पाच तास मिळतात. तरी घरी एकदा पूर्ण चार्ज करून ट्रॅकर बंद पडेपर्यंत चालवून बघा. शोध लांबला की प्रत्येक तास कामाचा असतो.

चार्जरकडे मात्र नीट लक्ष द्या. बाजारात टीपी४०५६ या चार्जिंग चिपची निळी पट्टी सर्रास मिळते. तिच्यावर १.२ किलोओहमचा रेझिस्टर बसवलेला असतो आणि त्यामुळे ती १ अँपिअर सोडते. ५०० च्या सेलला हे दुप्पट झालं. सेल तापतो, पुढे फुगतो. त्या जागी ४.७ किलोओहमचा रेझिस्टर बसवला की करंट २५० मिलिअँपिअरच्या जवळ येतो. रेझिस्टर तांदळाच्या कणीएवढा असतो. हात बसलेला नसेल तर जळगावच्या गोलाणी मार्केटमधला किंवा तुमच्या गावातला मोबाइल दुरुस्तीवाला तो काही मिनिटांत बदलून देईल. बोर्डावरच चार्जर असेल तर तो किती करंट सोडतो ते माहितीपत्रकात बघून मगच सेल निवडा.

दुसरी गोष्ट आपल्याकडच्या उन्हाची. हे सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचे नसतात आणि एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळला दुपारची हवाच त्याच्या जवळ जाते. म्हणून चार्जिंग पहाटे किंवा रात्री, कुणीतरी जागं असताना, फरशीवर ठेवून करा. बंद कारमध्ये रॉकेट ठेवू नका. पीएलए प्लॅस्टिकची, थ्रीडी प्रिंटरवर छापलेली टोपी ६० अंशांच्या आसपास मऊ पडते.

प्रोग्राम

यात फारसं अवघड काही नाही. आर्डुइनो या प्रोग्राम लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये टायनीजीपीएस प्लस (जीपीएसचा आकडा वाचणारी) आणि लोराची लायब्ररी, म्हणजे तयार कोड, घेतली की उदाहरणाचा प्रोग्राम थोडा बदलून काम होतं. दर सेकंदाला अक्षांश, रेखांश, उंची, उपग्रहांची संख्या आणि बॅटरीचा व्होल्टेज पाठवा. लोराचा स्प्रेडिंग फॅक्टर (संदेश किती पसरवून पाठवायचा ते ठरवणारा आकडा) ९ ठेवा. तो वाढवला की पल्ला वाढतो, पण प्रत्येक पायरीला संदेशाचा वेळ जवळपास दुप्पट होतो. उपग्रह सुटले तरी शेवटचा चांगला आकडा पाठवणं चालूच राहू द्या, सोबत तो किती सेकंदांपूर्वीचा आहे तेही जाऊ द्या.

जीपीएसचा कच्चा आकडा स्वतः वाचणार असाल तर जपून. 2102.7072 म्हणजे २१ अंश आणि २.७०७२ मिनिटं. मिनिटांना ६० ने भागल्यावर २१.०४५१२ मिळतं. कुणी ते सरळ २१.०२७०७२ असं वाचलं तर माणूस दोन किलोमीटर चुकीच्या वावरात जाऊन उभा राहतो. लायब्ररी हा हिशेब स्वतः करते, म्हणून तीच वापरा.

टोपीत बसवणं

जीपीएसच्या चौकोनी सिरॅमिक अँटेनाचं तोंड आभाळाकडे हवं, म्हणून बरेच जण ती टोपीच्या टोकाकडे तोंड करून आडवी बसवतात. लाँचपॅडवर ते उत्तम चालतं. पण पॅराशूट उघडल्यावर टोपी बुडाला बांधलेल्या दोरीवर उलटी लटकते आणि अँटेना जमिनीकडे बघू लागते, नेमकी तिची गरज असते तेव्हा. माझ्या मते अँटेना उभी, बाजूला तोंड करून बसवावी. रॉकेट सरळ असो वा टोपी उलटी, अर्धं आभाळ तिला दिसत राहतं. उड्डाणाच्या धक्क्यात जीपीएस क्षणभर उपग्रह सोडतो, त्याची काळजी करू नका. उतरताना तो पुन्हा पकडतो.

टोपी पुठ्ठ्याची, प्लॅस्टिकची किंवा फायबरग्लासची असावी. कार्बन फायबर आणि धातूचा चंदेरी रंग रेडिओ अडवतात. बॅटरी तळाशी ठेवा. धक्क्याने सगळं वजन खाली दाबलं जातं, बॅटरी वर असली तर ती बोर्डावरच येऊन आदळते. सरकता स्विच असेल तर तो आडवा सरकेल असा लावा, नाहीतर उडतानाच बंद व्हायचा. कनेक्टरवर टेपचा एक वेढा द्या आणि उरलेल्या जागेत फोम भरा.

शिवारातली चाचणी

घरात स्लॅबखाली किंवा पत्र्याखाली उपग्रह मिळत नाहीत, अंगणात या. नव्या मॉड्यूलला पहिल्यांदा काही मिनिटं लागू शकतात. मग मित्राला ट्रॅकर घेऊन पाठवा आणि तो जमिनीवर ठेवायला सांगा. हातात उंच धरल्यावर मिळणारा पल्ला आणि मातीवर पडल्यावर मिळणारा पल्ला यांत फार मोठा फरक असतो. हीच चाचणी केळीच्या बागेत करा. पानांत आणि खोडात पाणी भरलेलं असतं, सिग्नल तिथे लवकर दबतो. आत शिरताना ठिबकच्या नळ्यांवर पाय देऊ नका, आणि शेतमालकाला आधी विचारा: “भाऊ, आमचं रॉकेट तुमच्या बागेत पडलं तर आत येऊ का?” आधी विचारलेलं असलं की पुढे सगळं सोपं जातं.

उडवण्याच्या दिवशी

दादर ज्वारी आणि हरभरा निघाल्यावर, फेब्रुवारी-मार्चमधली शांत सकाळ चांगली. पॅडभोवतीचं वाळलेलं गवत-काड्या काढा, पाण्याचे हंडे भरून ठेवा. पोलीस ठाण्याला कळवून परवानगी घ्या. जळगावचा विमानतळ, भुसावळ-वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्या आणि रेल्वेमार्ग यांच्यापासून लांब राहा. मोटरची दारू घरी बनवू नका. तो विनापरवाना स्फोटक बनवण्याचा गुन्हा आहे आणि त्यात हात जातात.

उपग्रहांची संख्या किमान सहा दिसेपर्यंत काउंटडाउन सुरू करू नका. फोनमध्ये त्या भागाचा नकाशा आदल्या दिवशी उतरवून ठेवा. रॉकेट खाली येताना एकाने फक्त स्क्रीन बघायची आणि आकडा कागदावर लिहायचा. बाकीच्यांनी रॉकेट कोणत्या दिशेला दिसेनासं झालं ते बोटाने दाखवत उभं राहायचं.

सिग्नल तुटला तर शेवटच्या आकड्याकडे चालू लागा, वाटेत तो बहुधा परत येतो. नाही आला तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढा आणि रिसीव्हरची अँटेना आडवी करून सावकाश फिरा, कारण जमिनीवर पडलेल्या रॉकेटची अँटेनाही आडवी झालेली असते. अक्षांश आधी, रेखांश नंतर टाका. पाचव्या दशांशापर्यंत आकडा असला की हिशेब एका मीटरचा होतो, पण जीपीएसची स्वतःची चूक काही मीटरची असते. म्हणून तिथे पोचल्यावर चहूबाजूंच्या चार-पाच ओळी बघा. भगव्या-केशरी रंगाचं पॅराशूट हिरव्यात लगेच दिसतं.

दीपनगरच्या वीज केंद्राकडून येणाऱ्या उच्च दाबाच्या तारांवर रॉकेट अडकलं तर काठीने काढायला जाऊ नका, वीज कंपनीला कळवा.

घरी आल्यावर सेल काढून बघा. फुगला असेल किंवा चेपला असेल तर तो परत चार्ज करू नका. चांगला असेल तर ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवून सावलीत, पत्र्याच्या डब्यात जपून ठेवा.