ट्रायकोग्रामाच्या सगळ्या माद्याच निघतायत? वोल्बाकिया आहे का ते असं तपासा

ट्रायकोकार्ड ऊसवाल्यांना माहीतच आहे, त्यावर असतो ट्रायकोग्रामा, खोडकिडीच्या अंड्यात स्वतःचं अंडं घालणारा अर्ध्या मिलिमीटरचा तो मित्रकीटक. त्याच्यात फलित अंड्यातून मादी आणि अफलित अंड्यातून नर होतो. पण काही वंशांत नर दिसतच नाहीत, कारण पेशीत वोल्बाकिया हा बॅक्टेरिया बसलेला असतो, तो आईच्या अंड्यातल्या पेशीद्रवातूनच पुढच्या पिढीत जातो, शुक्राणूतून नाही, म्हणजे नरात शिरला की त्याचा रस्ता बंद, म्हणून तो अफलित अंड्यातले क्रोमोसोम दुप्पट करवून मादीच घडवतो. मला तर हे जीवशास्त्रातलं सगळ्यात भारी प्रकरण वाटतं.

आधी कुमारी माद्या मिळवा, सगळी टेस्ट यावरच उभी आहे. कार्डावरची कोर्सिरा या पतंगाची अंडी (यातच ट्रायकोग्रामा वाढतो) काळी पडली की ओल्या ब्रशने एकेक उचलून वेगवेगळ्या काचनळीत टाका आणि तोंडाला कापूस लावा. दोन अंडी एकत्र गेली तर भाऊबहिणींचं मीलन नळीतच होतं आणि मग निकालाला अर्थ राहत नाही. कधीकधी एकाच अंड्यातून दोघं निघतात, ती नळी पण बाजूला काढा. नर ओळखायचा तर मायक्रोस्कोपखाली मिशा बघा, नराच्या मिशांवर लांब केस असतात, मादीच्या टोकाला गाठीसारख्या जाड.

आता या कुमारींना कोर्सिराची ताजी, यूव्हीखाली धरलेली अंडी द्या. सगळे मुलगेच झाले तर वंश नॉर्मल आहे, इथेच थांबा. मुली झाल्या तर खरं काम सुरू.

त्याच वंशातल्या कुमारींचे दोन गट करा, एकाला साधा मध, दुसऱ्याला टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक मिसळलेला मध, बाकी सगळं सेम. फक्त औषधवाल्या गटाच्या संततीत नर दिसायला लागले तर कारण बॅक्टेरियाच. पण दोन्ही गट इनक्युबेटरमध्ये २५ अंशांच्या आसपासच ठेवा हं, कारण तिशीच्या वर वोल्बाकिया उष्णतेनेच कमजोर पडतो आणि औषधाशिवायही नर किंवा एकाच शरीरात अर्धे नर अर्धे मादी असे कीटक निघतात, मराठवाड्यात एप्रिल-मे मध्ये साध्या खोलीत ही टेस्ट करूच नका.

शेवटी पीसीआर, म्हणजे डीएनए तपासणी, वोल्बाकियाच्या डब्ल्यूएसपी जीनसाठी. नुसत्या नर-मादी मोजणीवर विसंबू नका, पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांवर ग्रेट एगफ्लाय फुलपाखरात वोल्बाकिया नर भ्रूण मारायचा, २००१ मध्ये जेमतेम १ टक्का नर होते, २००६ पर्यंत जवळपास ४० टक्के झाले आणि बॅक्टेरिया मात्र तिथेच होता, फुलपाखराच्याच एका जीनने त्याला आवरलं होतं. औषधाने नर आले पण पीसीआरमध्ये बँड (जीन सापडल्याची पट्टी) नाही, तर कार्डिनियम या दुसऱ्या बॅक्टेरियासाठी तपासा. आणि पिढ्यानपिढ्या औषध देऊनही मुलीच होत असतील तर ट्रायकोग्रामा कॅकोसीएसारखा प्रकार असू शकतो, तिथे नराविना मुली होतात पण त्यामागे वोल्बाकिया नसतो.