रायफलीवर सप्रेसर बसवताना या चुका टाळा

कोणता सप्रेसर (नळीच्या टोकाला बसणारे, आवाज कमी करणारे नळकांडे) घ्यावा याचा विचार लोक महिनोन्‌महिने करतात. तो नळीवर कसा बसवायचा हे मात्र दुकानात उभ्याउभ्या ठरवतात. अमेरिकेत १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टनुसार सप्रेसरची नोंदणी करावी लागते. त्यावरचा २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाला असला, तरी नोंदणी व मंजुरी कायम आहे, आणि मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात त्या न्यू जर्सी व कॅलिफोर्नियात सप्रेसर सामान्य नागरिकाला बाळगता येत नाही. ज्यांना कायद्याने परवानगी आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

आटे जुळले म्हणजे सप्रेसर जुळला, हा समज सर्वांत घातक आहे. अमेरिकी रायफलींत ५.५६ मिमी कॅलिबरसाठी (कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने गोळीचा व्यास) बहुधा १/२×२८ आटे असतात, म्हणजे अर्धा इंच व्यास आणि इंचाला २८ आटे; .३०८ इंच कॅलिबरसाठी ५/८×२४. परंतु ९ मिमीच्या अनेक कार्बाइनवरही (आखूड रायफलींवरही) १/२×२८ आटेच असतात. ५.५६ चा सप्रेसर त्यांवर अगदी सहज बसतो, आणि पहिलीच गोळी त्याच्या आतले पडदे फोडते. म्हणून आट्यांच्या आधी कॅलिबर पाहावे. एके-४७ प्रकारच्या अनेक रायफलींना तर १४ मिमीचे डावे आटे असतात. तिथे जोर लावून उजवे आटे चढवण्याचा प्रयत्न केल्यास नळीचे आटे कायमचे बिघडतात.

मी स्वतः केलेली चूक वॉशरची होती. मझल ब्रेक (नळीच्या टोकाला बसणारा, धक्का कमी करणारा भाग) सरळ रोखात यावा म्हणून त्याखाली चुरडणारा वॉशर तसाच ठेवला आणि त्याच ब्रेकवर सप्रेसर बसवला. असा वॉशर दाबला गेला की सगळीकडे सारखा दबत नाही, त्यामुळे ब्रेक किंचित कलतो. हा कल अर्धा अंश असला, तरी २०० मिमी लांब सप्रेसरच्या टोकाशी तो सुमारे पावणेदोन मिमी होतो. गोळी आणि भोक यांच्यातील मोकळी जागा सहसा याहून कमी असते. तो वॉशर काढून सपाट, नेमक्या जाडीच्या चकत्या घालाव्यात आणि नळीचा खांदा काटकोनात व स्वच्छ आहे ना, हे पाहावे. रायफल रिकामी असल्याची खात्री करून नळीतून तपासणीची सरळ सळई घालून पुढून पाहावे. सळई भोकाच्या मधोमध दिसली नाही, तर एकही गोळी झाडू नये.

आता निवड. एकाच रायफलीसाठी सप्रेसर हवा असेल, तर थेट आट्यांवर बसणारा हलका व आखूड पडतो. तापल्यावर तो सैल होतो, एवढे लक्षात ठेवावे. तीन-चार रायफलींवर तोच वापरायचा असेल, तर झटपट जोडणीचा खर्च पटतो, मात्र प्रत्येक नळीवर वेगळा जोड लागतो आणि टोकाशी वजन वाढते. माझा कल शंकूच्या आकाराच्या बैठकीकडे आहे, कारण ती मध्यरेषेत आपोआप येते आणि वायू आट्यांपर्यंत फारसा पोहोचू देत नाही. सप्रेसरच्या मागील बाजूस १.३७५×२४ चे प्रमाणित आटे असतील, तर पुढे मत बदलले तरी नवीन सप्रेसर नोंदवावा लागत नाही, फक्त जोड बदलतो.

ब्रेक पक्का करताना लाल थ्रेडलॉकर (आटे घट्ट धरणारा चिकटपदार्थ) वापरू नये, तो उष्णतेने निकामी होतो. रॉकसेट हा दुसरा चिकटपदार्थ ती उष्णता सोसतो आणि गरम पाण्यात भिजवल्यावर सुटतो. सप्रेसर व त्याचा जोड यांच्यामध्ये मात्र कोणताही चिकटपदार्थ लावू नये.

गोळ्यांचा पुंजका अचानक विखुरला, तर दुर्बिणीला दोष देण्याआधी सप्रेसर सैल झाला आहे का ते पाहावे. तो बसवल्यावर पुंजका दर वेळी सारखाच सरकत असेल, तर ते स्वाभाविक आहे. अंतर नोंदवून ठेवावे. काजळीने सप्रेसर अडकला, तर थंड होऊ द्यावा, सांध्यात भेदक तेल सोडून रात्रभर ठेवावा आणि मग जोडाच्या सपाट कडांवर पाना लावून फिरवावा. नळकांड्यावर पाइपपाना लावल्यास बाहेरचे आवरण चेपते.