१७४ चा ट्रॅक ८७ दाखवतो, ग्रिडही सरकते: असं सुटलं

डीजे सॉफ्टवेअर १७४ बीपीएमचा (मिनिटाला १७४ ठोक्यांचा) ट्रॅक ८७ दाखवत होतं. आकडा दुप्पट केला तरी शेवटाकडे ग्रिड (ठोक्यांवर बसणाऱ्या रेषांची जाळी) सरकायची. फाइल काढून पुन्हा टाकली, पुन्हा विश्लेषण केलं; तेच. डोकं फिरलं.

आधी सेटिंगमध्ये टेम्पोची मर्यादा ९० ते १८० केली (८७ त्यात बसतच नाही), मग पुन्हा विश्लेषण. वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) झूम करून पहिल्या किकच्या (बास ड्रमच्या ठोक्याच्या) सुरुवातीवर डाउनबीट (मापाचा पहिला ठोका) लावला आणि थेट शेवटच्या किकवर गेलो. ग्रिडची रेष किकनंतर येत असेल तर बीपीएम वाढवा, आधी येत असेल तर कमी करा, तेही दशांशात. ०.२ ची चूक पाच मिनिटांत अख्खा ठोका खाते. जुळल्यावर ग्रिड लॉक, नाहीतर पुढचं विश्लेषण सगळं पुसतं.

क्लिकशिवाय (मेट्रोनोमच्या ठोक्याशिवाय) वाजवलेल्या ड्रम्सना ही युक्ती चालत नाही. तिथे बदलत्या टेम्पोचं विश्लेषण निवडा.