जर्मन पद्धतीनं गुन्हा कसा तपासायचा: एक क्रेट, एक मनगट

एलएलएमसाठी जर्मनीला निघालेली मुलं सीबीएस बसस्थानकाजवळच्या माझ्या ऑफिसात येतात. कुठलाही प्रसंग सांगा, लगेच म्हणतात, "मॅडम, हा तर स्वसंरक्षणाचा हक्क!" तिथल्या पेपरात अशी सुरुवात केलीत तर गुण गेलेच. तपासाच्या तीन पायऱ्या असतात आणि स्वसंरक्षण येतं दुसऱ्या पायरीवर.

समजा, पिंपळगावच्या मार्केटात गणप्या दांडकं घेऊन बंडूच्या अंगावर धावला. बंडूनं हातातलं द्राक्षांचं क्रेट त्याच्या मनगटावर हाणलं, हाड मोडलं. (जर्मन कायदा पिंपळगावात चालत नाही, पण सरावाला काय हरकत आहे!)

पहिलं वाक्य असं लिहा: "क्रेट मारून बंडूनं जर्मन दंडसंहितेच्या कलम २२३ खाली शारीरिक इजेचा गुन्हा केलेला असू शकतो." निकाल आधी सांगायचा नाही. व्याख्या द्या, प्रसंग तिला लावून पाहा, मग निष्कर्ष.

आता पहिली पायरी, टाटबेश्टांड, म्हणजे गुन्ह्याचे घटक. इजा झाली का? क्रेट मारलं नसतं तर ती टळली असती का? मग मनातलं. कलम १५ नुसार इरादा हवा, पण "लागलं तर लागू दे" हेही त्यात धरतात. कलम २२४ चं (म्हणजे इजेच्या गंभीर प्रकाराचं) घातक साधन हमखास विसरलं जातं. क्रेट एरवी निरुपद्रवी असेल, पण ते कसं वापरलं यावर ठरतं.

दुसरी पायरी बेकायदेशीरपणाची. स्वसंरक्षणाचं कलम ३२ इथं येतं आणि इथं घाई करू नका. दांडकं उगारलेलं होतं की गणप्या माघारी वळला होता? तितक्याच खात्रीनं हल्ला थांबवणारा सौम्य उपाय हाताशी होता का? आपण स्वतःला वाचवतोय हे बंडूला ठाऊक होतं का? 'पळून जायला हवं होतं' हा आक्षेप तिथं सहसा टिकत नाही. आपल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ३७ मात्र सरकारी यंत्रणेकडे धाव घ्यायला वेळ होता का, हे विचारतं.

बंडू इथं सुटला तर पुढं लिहायचंच नाही. नाही सुटला तर तिसरी पायरी, शुल्ड, म्हणजे दोष त्याच्या माथी मारता येतो का. वय १४ च्या आत असेल तर कलम १९, मानसिक विकार असेल तर कलम २०. भीतीनं भांबावून बचावाची मर्यादा ओलांडली असेल तर कलम ३३ वाचवतं. संतापानं ओलांडली असेल तर नाही.

अगदी शेवटी जखमीची फिर्याद: २२३ ला ती साधारणपणे लागते, २२४ ला लागत नाही.