अपघातात जीव गेला, ड्रायव्हर परदेशी... युकेचं सरकार काय म्हणतंय ते कसं शोधायचं

पेपरातल्या बातमीवर जाऊ नका, सरळ युके पार्लमेंटच्या साइटवर 'रिटन क्वेश्चन्स' उघडा, खासदारांचे प्रश्न आणि मंत्र्यांची लेखी उत्तरं सगळी तिथे फुकट मिळतात. सर्चमध्ये 'डेथ बाय डेंजरस ड्रायव्हिंग' हे इंग्रजीतून आणि अवतरणचिन्हात टाका, कारण नुसतं 'डेटा शेअरिंग' (म्हणजे देशांनी एकमेकांना माहिती देणं) टाकलंत तर दवाखान्यांच्या फायलींपासून काय वाट्टेल ते समोर येतं.

उत्तर उघडलं की आधी खातं बघा. शिक्षेचं मिनिस्ट्री ऑफ जस्टिस बघतं, पोलीस आणि परदेशांशी माहितीची देवाणघेवाण होम ऑफिस, लायसन्स ट्रान्सपोर्टवाले, आणि सीपीएसने (इंग्लंड-वेल्समध्ये सरकारतर्फे खटले चालवणारी संस्था) खटला भरला की नाही हे अॅटर्नी जनरलच्या ऑफिसकडे. स्कॉटलंडमध्ये खटले सीपीएस चालवतच नाही, तिथलं क्राउन ऑफिस वेगळं, त्यामुळे ग्लासगोतल्या माणसाने लंडनच्या आकड्यांवरून भांडण्यात अर्थ नाही.

मग तारीख, आणि इथेच लोक हमखास गंडतात. 28 जून 2022 पासून डेंजरस ड्रायव्हिंगने मृत्यूला जास्तीत जास्त जन्मठेप झाली, आधी 14 वर्षं होती, पण गुन्हा कधी घडला ते धरतात, केस कधी उभी राहिली ते नाही. केअरलेस ड्रायव्हिंगने मृत्यू हा वेगळा गुन्हा, कमाल 5 वर्षं, दोन्हींची बेरीज करून कुणी आकडा तोंडावर फेकला तर विश्वास ठेवू नका. डेटाचंही तसंच. 2020 संपताना युके युरोपच्या एसआयएस टू सिस्टिममधून (पोलिसांनी एकमेकांना माहिती द्यायची सामायिक यंत्रणा) बाहेर पडलं, गाड्यांच्या रजिस्ट्रेशनची माहिती मागायची सोय मात्र युरोपशी झालेल्या नव्या करारात राहिली, म्हणजे 2019 चं उत्तर आज काढून दाखवणं फुकाचं. ड्रायव्हिंग बंदी एकमेकांनी मानायचा करार आयर्लंडशी आहे, 1 ऑगस्ट 2017 पासून, आणि तो ब्रेक्झिटनंतरही टिकला.

हवं ते नाहीच सापडलं तर तुमच्या खासदाराला मेल करा, पत्ता आणि पोस्टकोड टाकून, भारतीय पासपोर्ट असला तरी चालतं, तुम्ही त्या मतदारसंघात राहता एवढं पुरे (आणि कॉमनवेल्थवाले म्हणून मतसुद्धा देता येतं, कित्येकांना हे माहीतच नसतं). 'सरकार परदेशी ड्रायव्हर्सबद्दल काय करतंय' असं विचारलंत तर 'आम्ही गांभीर्याने घेतो' छाप दोन ओळी येणार, त्यापेक्षा 'अमुक वर्षापासून दरवर्षी, या गुन्ह्याचा आरोप असलेल्या किती जणांसाठी परदेशाकडे प्रत्यार्पणाची विनंती केली' असं विचारायला सांगा, मग आकडा तरी द्यावा लागतो किंवा 'ही माहिती आम्ही ठेवत नाही' हे लेखी कबूल करावं लागतं, आणि माझ्या मते तेच जास्त कामाचं.

कोर्टात चालू असलेल्या केसवर मंत्री बोलणार नाहीत. घरातलंच माणूस गेलंय आणि सीपीएसने खटलाच भरला नाही असं असेल तर संसदेची वाट धरण्याआधी त्यांच्या 'व्हिक्टिम्स राइट टू रिव्ह्यू'खाली (निर्णय पुन्हा तपासून मागायचा पीडितांचा हक्क) अर्ज टाका, त्याला मुदत असते.