काळ्या रानात चाकांवरचं घर: दोघांपुरतं कसं उभं करावं

केबिन नंतर बघा, आधी जागा बघा. आणि एक नाही, दोन. आमची जमीन अमळनेर तालुक्यात, बोरी नदीच्या अंगाला. खालचं रान काळंभोर, वरच्या बाजूला थोडं मुरमाड बरड. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात अशी भेगाळते की भेगेत कोपरापर्यंत हात जातो. तिच्यावर पक्कं जोतं घातलं तर भिंतीला चीर पडायला वेळ लागत नाही, आणि खोल पाया घ्यायचा तर म्हातारपणाची पुंजी जमिनीतच जाते. म्हणून चाकं. ती मुलूख हिंडायला नाहीत. मृगाच्या आधी केबिन वर बरडावर न्यायची आणि दिवाळीनंतर रानाला वापसा आला की खाली विहिरीजवळच्या निंबाखाली आणायची, एवढंच त्यांचं काम. ज्यांचं सगळंच रान काळं आहे त्यांनी एका कोपऱ्यात दीड फूट मुरूम टाकून, पाणी मारून दाबून घ्यावा.

मी एसटीच्या वर्कशॉपात आयुष्य काढलं, त्यामुळे माझा जीव खालच्या सांगाड्यात जास्त. चारचाकी जुन्या ट्रॅक्टर ट्रॉलीचा सांगाडा भंगाराच्या भावात मिळतो. घेताना रंग बघू नका. आधी चिखल धुऊन काढा, कारण स्प्रिंगचा तुटलेला पाटा चिखलाखाली दिसत नाही. मग चॅनेलवर हातोडीने ठोकत जा. गंजाने खाल्लेल्या ठिकाणी आवाज बद्द येतो. चाक जॅकवर उचलून दोन्ही हातांनी वर-खाली हलवा. खडखडलं तर बेअरिंग गेलं समजा. फिरवताना नुसती खरखर असेल तर हब उघडून, रॉकेलने धुऊन, नवं ग्रीस भरून भागतं.

वर 16 बाय 8 फुटांची खोली दोघांना पुरते. रुंदी आठाच्या पुढे नेऊ नका, शिवाररस्त्याच्या बाभळी सोडत नाहीत. खोलीच्या सांगाड्याला दोन इंची चौकोनी पाईप, भिंतींना 50 मिलिमीटरचं पफ पॅनेल (दोन पत्र्यांच्या मध्ये फोम भरलेलं), जमिनीला 18 मिलिमीटरचा सिमेंट बोर्ड. फरशी, वीट, ग्रॅनाइटचा ओटा यातलं काही नको, सगळं वजन ओढायचं आहे. पफ पेटलं तर त्याचा धूर जीव घेतो. म्हणून चूल आणि गॅस दोन्ही बाहेर पडवीत, आणि एका खिडकीला गज न लावता माणूस बाहेर पडेल एवढी ती मोठी ठेवायची.

उभी केल्यावर वजन टायरवर ठेवू नका. कोपऱ्यांना चार आणि मध्ये दोन स्क्रू जॅक, प्रत्येकाखाली फूटभर रुंद दगडी लादी. टायरवर ओलं नाही, कोरडं गोणपाट टाका, उन्हाने रबर तडकतं. पाणसळ लावून घ्या. पुढे जॅक खचला तर आमच्या हिच्या आधी कोणालाच कळत नाही: तव्यावरचं तेल एका कडेला धावायला लागतं.

आता उन्हाचं. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45च्या वर जातो आणि पत्र्याची पेटी भट्टी होते. कूलरच्या आधी सावली. केबिनची लांब भिंत उत्तरेला आणि दक्षिणेला, आखूड भिंत पश्चिमेला आणि त्या भिंतीत खिडकीच ठेवायची नाही. दार पूर्वेला. छतापासून वीतभर वर दुसरं हलकं छप्पर घ्या, दोन्हींच्या मधून वारा वाहिला पाहिजे. वरच्या पत्र्याला दरसाल चैत्रात चुन्याचे दोन हात, त्यात थोडा फेविकॉल घातला म्हणजे पहिल्या वळवात धुऊन जात नाही. पश्चिमेकडे तुराट्यांचा तट्टा हातभर सोडून उभा करा. दुपारी उत्तरेच्या खिडकीला वाळ्याचा पडदा, त्यावर अधूनमधून तांब्याने पाणी. आपली हवा कोरडी असते म्हणून हा उपाय लागू पडतो. पाऊस सुरू झाला की पडदा गुंडाळून ठेवायचा. रात्री बाज बाहेर, मच्छरदाणी लावून. केबिनमध्ये झोपण्याचा हट्ट उन्हाळ्यात कोणी करू नये.

मे-जूनच्या वादळात रावेर-यावलकडे केळीच्या बागाच्या बागा आडव्या होतात, तर हलकी केबिन किती टिकणार? तिला बांधायलाच हवं. पण लोखंडी खुंटी ठोकून भागत नाही. वादळ येतं नेमकं माती भेगाळलेली असते तेव्हा, आणि तेव्हाच खुंटी सर्वात सैल असते. चारही कोपऱ्यांपासून थोडं बाहेर तीन-तीन फूट खड्डे घ्या, तळाशी जड दगड किंवा गर्डरचा तुकडा आडवा पुरा, त्याला वायररोपचा फास घालून माती ठोकून भरा. रोपचं टोक वर काढून टर्नबकलने (फिरवून ताण द्यायच्या आट्याच्या कडीने) केबिनच्या सांगाड्याला आवळा. हे दोन्ही जागी करून ठेवायचं, म्हणजे आठ खड्डे. मुरमात पहार लावताना मजूर कुरकुरतात, पण मुरमातली पकडच पक्की. केबिनला अर्थिंगही दोन्हीकडे.

जमिनीपासून दार अडीच-तीन फूट वर येतं. सहा इंचांहून उंच पायरी घेऊ नका आणि दोन्ही हातांना कठडा ठेवा. तरणी पोरं एका ढांगेत चढतात आणि म्हणतात, कशाला एवढ्या पायऱ्या? त्यांना गुडघे अजून कळायचे आहेत. केबिनच्या खाली लाकडं, गोवऱ्या साठवू नका. विंचू-साप तिथेच येतात. साप चावला तर कापाकापी आणि मंत्रतंत्र न करता सरकारी दवाखाना.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. 16 बाय 8 म्हणजे साधारण 12 चौरस मीटर छत. एक मिलिमीटर पावसाला दर चौरस मीटरमागे एक लिटर पाणी. 600 मिलिमीटर पाऊस धरला तर 7,200 लिटर, गळती-सांडणी वजा जाता साडेपाच हजार. पिण्या-रांधण्याला दिवसाला 10 लिटर, आठ कोरड्या महिन्यांना 2,400. म्हणून 3,000 लिटरची टाकी पुरे, बरडावर जमिनीवर ठेवलेली, उजेड आत न जाणारी. चुना लावलेल्या छताचे पहिले दोन-तीन पाऊस सोडून द्या. आंघोळ-भांड्यांचं पाणी विहिरीचं, आणि ते वापरून झालं की केळीच्या बुडाशी.

विजेला 200 वॅटचं सौर पॅनेल, 12 व्होल्टची 100 एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी. बॅटरी निम्मीच वापरायची, म्हणजे 600 वॅट-तास हाताशी. 28 वॅटचा डीसी पंखा चौदा तास चालवला तर 392, सात वॅटचे तीन दिवे पाच तास म्हणजे 105, मोबाइल वेगळे. बसतं. पॅनेलचं तोंड दक्षिणेला, कल 21 अंश, कारण आपण जवळपास त्याच अक्षांशावर. पॅनेल तापलं की वीज कमी देतं, म्हणून ते पत्र्याला चिकटवू नका. फ्रिज यात बसत नाही. हिला इन्सुलिन लागतं. चालू बाटली तेवढी एकात एक ठेवलेल्या दोन माठांत, मधल्या वाळूवर पाणी शिंपून ठेवतो. बाकीचा साठा गावात भाच्याच्या फ्रिजमध्ये. तुम्ही आपल्या डॉक्टरांना विचारून करा.

संडास मात्र चाकांवर नको. दोन्ही जागांच्या मध्ये, विहिरीपासून 50 फुटांहून लांब, दोन शोषखड्ड्यांचा बांधा. काळ्या मातीत पाणी मुरत नाही, खड्ड्याभोवती वाळूचा थर हवाच. कमोड घ्या. रात्रीसाठी वाटेवर एक दिवा.

पडवीचा कारभार माझा नाही. पहिल्याच दिवशी हिने अहिराणीत ऐकवलं, “गाडी तुम्हनी, पन घर मन्हं शे.” चूल दाराच्या उजव्या हाताला हवी, धूर पूर्वेला गेला पाहिजे, हे तिने ठरवलं. तिच्याकडून शिकलेलं एवढंच सांगतो: कळण्याच्या भाकरीच्या पिठाला चार वाटे ज्वारी आणि एक वाटा सालासकट काळे उडीद, थोडं खडेमीठ, आणि एका वेळी आठ दिवसांपुरतंच दळायचं. कपाशीची पऱ्हाटी वेचणी संपल्यावर उपटून सावलीत रचायची. थंडीत बामणोदची वांगी तिच्यावरच भाजावी. गॅसवरच्या भरताला ती चव नाही. बिबडे-कुरडया बाजेवर वाळतात, छतावर चढायचं वय नाही. तेल, चहा, साखर बाजारातून येते, त्यात कमीपणा मानायचं कारण नाही.

हलवण्यासाठी ट्रॅक्टरवाल्याला आखाजीलाच (अक्षय्य तृतीयेलाच) सांगून ठेवा. मेअखेरीला सगळे ट्रॅक्टर मशागतीत गुंतलेले असतात, आणि मृग 7 जूनच्या आसपास लागतो. आदल्या दिवशी टायरमध्ये हवा, हबला ग्रीस. बॅटरीच्या वायरी काढा, सिलिंडर बाहेर, भांडी टोपलीत. जॅक काढायच्या आधी चारही चाकांखाली दगड. ट्रॅक्टर पहिल्या लो गिअरवर, आणि आत कोणी बसायचं नाही, नातवंडांनी कितीही हट्ट केला तरी. भाकरी-ठेचा आदल्या रात्रीच करून ठेवा, कारण वर नेऊन जॅक बसवून, रोप आवळून, पाणसळ लागेस्तोवर दुपार टळते.